सांताक्रूझला कधीच न पडलेला बर्फ

२२ जानेवारी १९६२. सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. मुंबई उपनगरांच्या नोंदींतील हा नीचांक आजही मोडलेला नाही. पाणी गोठण्याच्या बिंदूपासून तो सात अंश दूरच राहिला होता. जिथे हिवाळ्यातही पंखा फिरतो आणि बर्फ म्हणजे जुहूच्या चौपाटीवरचा गोळा, अशा या भूमीत गेली अनेक दशके वैमानिकांना एक विचित्र विषय शिकवला जातो: विमानावर साचणारा बर्फ.

तो शिकवला जातो बंद, वातानुकूलित खोलीत, जलशक्तीवर डोलणाऱ्या एका पेटीच्या पोटात. एअर इंडियाची बोइंग विमानांची सिम्युलेटर यंत्रे मुंबईत आणि एअरबसची हैदराबादेत, अशी वाटणी दीर्घकाळ चालत आली. लंडन, न्यूयॉर्क, टोरांटो येथे जानेवारीत उतरणारा मुंबईचा वैमानिक हिमवर्षावातील पहिले ‘उड्डाण’ बहुधा अशाच पेटीत करतो. म्हणून पेटीतला बर्फ खरा आहे की खोटा, हा प्रश्न त्याच्यासाठी केवळ तांत्रिक राहत नाही. ओस्लो किंवा मॉन्ट्रिआलच्या वैमानिकाला यंत्राने चुकीचे शिकवले, तरी बाहेरचा हिवाळा ते दुरुस्त करतो. अंधेरीत दुरुस्त करायला बाहेर काही नाही.

आणि इतिहास असे सांगतो की बराच काळ पेटीतला बर्फ खोटाच होता. तो कसा खोटा होता, आणि खरा व्हायला किती माणसे दगावली, त्याचा हा धागा.

आधी मुंबईच्या विमानांची गाठ बर्फाशी केव्हा पडली ते पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांचे पस मॉथ विमान इतके लहान आणि इतके खालून उडणारे होते की बर्फाचा प्रश्नच नव्हता. त्या सेवेचा शत्रू वेगळा होता: चिखल. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई आणि सेवा पुण्याहून चालवावी लागे.

चित्र पालटले ८ जून १९४८ रोजी. ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. आता मुंबईची माणसे आल्प्स पर्वतावरून, युरोपच्या हिवाळी ढगांतून नियमित जाऊ लागली. १४ मे १९६० रोजी बोइंग ७०७ ने न्यूयॉर्क गाठले आणि अटलांटिकचा उत्तर भागही या नकाशात आला. आल्प्सने या मार्गाची किंमतही वसूल केली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच ‘मलबार प्रिन्सेस’ आणि २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ ही दोन्ही विमाने माँ ब्लाँ शिखरावर आदळली. दुसऱ्यात डॉ. होमी भाभा होते. हे दोन्ही अपघात पंखांवर बर्फ साचल्यामुळे झालेले नव्हेत. तसा समज करून घेऊ नये. पण उष्ण किनाऱ्यावरून निघालेली माणसे कोणत्या आकाशात जात होती, ते त्यांवरून कळते.

आता थोडे विज्ञान, कारण त्यावाचून पुढचा इतिहास उमगणार नाही.

शून्य अंशाखाली पाणी गोठतेच, हे शाळेत शिकवतात. ढगातले पाणी मात्र ते पाळत नाही. अतिसूक्ष्म थेंबांना गोठण्यासाठी धरायला कण मिळाला नाही, तर ते उणे वीस, क्वचित उणे चाळीस अंशांच्या आसपासही द्रवच राहतात. अशा थेंबांच्या ढगात विमान शिरले की विमानच तो कण होते. थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर आदळतो आणि तिथेच गोठतो. हवा फार थंड व थेंब बारीक असतील तर तो क्षणात गोठतो, आत हवा अडकते आणि खडबडीत, दुधी बर्फ तयार होतो; गोळेवाल्याने किसून दाबलेल्या बर्फासारखा. तापमान शून्याच्या जवळ असेल तर थेंब आधी थोडा वाहतो, मग गोठतो. हा काचेसारखा पारदर्शक बर्फ अधिक घातक, कारण तो पंखाच्या कडेला शिंगांसारखे आकार देतो आणि चटकन दिसतही नाही.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. जमिनीवर बर्फ नाही म्हणजे मुंबईच्या आकाशातही नाही, असे नव्हे. सांताक्रूझहून हवामान खाते सोडते ते फुगे पावसाळ्यात साधारण साडेपाच किलोमीटर उंचीवर शून्य अंश नोंदवतात. म्हणजे घाटकोपरच्या छपरांवर मुसळधार पाऊस कोसळत असतो, तेव्हा त्याच ढगाच्या वरच्या मजल्यावर हिवाळा असतो. प्रत्येक जेट विमान काही मिनिटांत तो मजला ओलांडते.

जेट विमानांच्या कार्यपद्धतीत इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा चालू करण्याची मर्यादा शून्य अंश नसून सामान्यतः १० अंश असते, सोबत धुके, पाऊस वा ढग असा दिसणारा ओलावा हवा. इंजिनाच्या तोंडाशी हवा ताणली जाऊन आणखी थंड होते, म्हणून ही सावधगिरी. त्या हिशेबाने १९६२ ची ती रात्र सांताक्रूझलाही मर्यादेच्या आत होती. ओलावा मात्र हवा.

सिम्युलेटरचा जन्म बिंगहॅम्टन या अमेरिकी गावात झाला. एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. १९२९ मध्ये लिंकने ऑर्गनचे भाते वापरून एक बुटके लाकडी विमान बनवले. आपल्या पेटीचा भाता जसा हवा भरतो व सोडतो, तसेच भाते या खेळण्याला डावी-उजवीकडे, वर-खाली झुकवत. जत्रेतली करमणूक म्हणून ते काही दिवस खपले. मग १९३४ चा हिवाळा आला. अमेरिकी लष्कराकडे हवाई टपालाचे काम सोपवले गेले आणि काही आठवड्यांत खराब हवामानात त्यांचे वैमानिक मरू लागले. लष्कराने घाईने सहा लिंक यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात ‘निळी पेटी’ या नावाने ती दोस्त राष्ट्रांच्या प्रशिक्षणकेंद्रांतून सर्वत्र पोचली.

या यंत्राला जन्मापासून खराब हवामानानेच मोठे केले, आणि तरीही त्याला बर्फ माहीत नव्हता. निळ्या पेटीत वैमानिक केवळ उपकरणे वाचायला शिके. पंखावर काय चालले आहे, याचा त्या भात्यांना पत्ता नव्हता. पुढे विद्युत गणकयंत्रे आली, मग अंकीय संगणक आले आणि सिम्युलेटर खऱ्या अर्थाने गणित करू लागला. विमान हवेशी अमुक कोन करते, पंखाची झडप अमुक उघडली आहे, वेग अमुक आहे. तर उचल किती, हवेचा विरोध किती? हे आकडे बनवणाऱ्या कंपनीने प्रत्यक्ष उड्डाणात मोजून तक्त्यांत भरलेले असतात. संगणक सेकंदाला डझनावारी वेळा ते तक्ते वाचतो आणि पेटी हलवतो.

प्रश्न असा की बर्फाचे तक्ते कोठून आणायचे?

दशकानुदशके बहुतेक प्रशिक्षण सिम्युलेटरांनी सोपी वाट धरली. प्रशिक्षकाने ‘बर्फ’ अशी कळ दाबली की संगणक विमानाचे वजन हळूहळू वाढवी आणि हवेचा विरोध थोडा वाढवी. बस्स. आत बसलेल्या वैमानिकाला विमान जड झाल्यासारखे वाटे. तो इंजिनाची शक्ती वाढवी, विमान पुन्हा नीट उडे, धडा संपे. मनात ठसे ते एवढेच: बर्फ म्हणजे ओझे, आणि ओझ्यावर उपाय म्हणजे जास्त जोर.

यात लबाडी कुठे आहे? बर्फाचे वजन हा त्याचा सर्वांत किरकोळ गुन्हा आहे. मोठ्या जेटला काही शे किलो जाणवतही नाहीत. खरा गुन्हा आहे तो आकार बिघडवण्याचा. पंखाच्या पुढच्या कडेवर आणि पाठीवर मध्यम सँडपेपरइतका खरखरीत थर जरी बसला, तरी उचल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा विरोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे विमानवाहतूक नियामक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. यातील ३० या आकड्याचा अर्थ नीट पाहावा. विमान स्टॉल होण्याचा, म्हणजे पंखाची उचल तुटण्याचा वेग हा कमाल उचलीच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. उचल ०.७ पट झाली तर स्टॉलचा वेग जवळपास १.२ पट होतो. जुन्या नियमांनुसार उड्डाणानंतरचा सुरक्षित वेग स्टॉलच्या वेगाच्या किमान १.२ पट ठेवत. म्हणजे कायद्याने राखून ठेवलेली सगळी शिल्लक सँडपेपरएवढ्या थराने खाल्ली.

त्याहून वाईट म्हणजे, स्टॉल जवळ आल्यावर वैमानिकाच्या हातातली दांडी थरथरवून इशारा देणारे यंत्र स्वच्छ पंखासाठी बसवलेले असते. बर्फाळ पंख त्या कोनापर्यंत पोचण्याआधीच हार मानतो. इशाऱ्याची वाट पाहणाऱ्याला इशारा मिळत नाही. जुन्या सिम्युलेटरमध्ये मात्र दांडी नेहमी वेळेवर थरथरायची.

१३ जानेवारी १९८२, वॉशिंग्टन. बर्फ कोसळत होता. एअर फ्लोरिडाचे बोइंग ७३७ धावपट्टीवर येईपर्यंत बर्फरोधक द्रव फवारून ४९ मिनिटे उलटली होती. वैमानिकांनी इंजिनांची बर्फरोधक यंत्रणा चालूच केली नव्हती. इंजिनाच्या तोंडाशी असलेली दाब मोजणारी नळी बर्फाने बुजली आणि काटा खोटे बोलू लागला: तो दाखवत होता २.०४, प्रत्यक्षात इंजिने देत होती सुमारे १.७०. सहवैमानिकाला धावतानाच शंका आली होती आणि त्याने ती बोलूनही दाखवली होती. विमान उठले, नाक वर गेले, उचल तुटली आणि ते पोटोमॅक नदीवरच्या पुलावर आदळून पाण्यात पडले. पुलावरच्या चौघांसह ७८ जण मेले.

मुंबईच्या वाचकाने या अहवालातील एक ओळ विसरू नये. अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत तपासमंडळाने वैमानिकांचा हिवाळी जेट उड्डाणांचा तोकडा अनुभव नोंदवला. ते फ्लोरिडाच्या कंपनीचे होते. ऊन आणि समुद्र यांच्या प्रदेशातले. आपल्यासारखेच.

बुजलेल्या नळीचा प्रसंग सिम्युलेटरमध्ये उभा करणे तुलनेने सोपे होते: एका काट्याला खोटे बोलायला लावायचे आणि वैमानिक दुसऱ्या काट्यांशी ताळा करतो का ते पाहायचे. घसरडी धावपट्टी, कमी झालेले चाकांचे घर्षण, धूसर खिडकी, फवारणीनंतरची मुदत मोजण्याचे कोष्टक, फवारणी करणाऱ्या गाडीशी करायचा संवाद, याही गोष्टी हळूहळू सरावात आल्या. बर्फ लागलेल्या पंखाने जमीन सोडणे, हा जमिनीवरच्या बर्फाचा खरा गाभा मात्र अवघड राहिला. १० मार्च १९८९ रोजी कॅनडात ड्रायडन येथे फॉकर एफ-२८ विमान बर्फ लागलेल्या पंखांनी उडाले आणि झाडांत कोसळले; ६९ पैकी २४ जण दगावले. न्यायमूर्ती मोशान्स्की यांच्या चौकशी आयोगासाठी तज्ज्ञांनी त्या विमानाच्या उड्डाणगतिकीचे गणित मांडून, पंखावरील थराचा परिणाम त्यात घालून ते उड्डाण पुन्हा तपासले. इतिहास अभ्यासणाऱ्यांनी थांबून पाहावे असे हे उदाहरण आहे. एरवी भूतकाळाची पुनर्रचना कागदांवरून होते, इथे समीकरणांवरून झाली. तीन वर्षांनी, २२ मार्च १९९२ रोजी, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर याच जातीचे विमान याच कारणाने पडले आणि आणखी २७ जण गेले.

हवेतल्या बर्फाचा खरा धक्का बसला तो ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी.

अमेरिकन ईगलचे एटीआर ७२ हे दोन पंख्यांचे विमान शिकागोला उतरण्यासाठी इंडियाना राज्यातील रोझलॉन गावाजवळ आकाशात घिरट्या घालत होते. पंखाच्या पुढच्या कडेला रबरी पट्टे होते. त्यांत हवा भरली की ते फुगतात आणि वर साचलेला बर्फ तडकून उडतो. पण त्या दिवशीचे थेंब नेहमीचे नव्हते. त्या काळचे प्रमाणीकरणाचे नियम १९४०च्या दशकातील मोजमापांवर उभे होते आणि त्यांत थेंबाचा प्रातिनिधिक व्यास सुमारे ५० मायक्रॉनपर्यंत धरला होता. रोझलॉनच्या ढगातील रिमझिम त्याच्या अनेक पट जाड होती. असे थेंब कडेवर न थांबता मागे वाहतात आणि रबरी पट्ट्यांच्या पलीकडे गोठतात. तिथे बर्फाचा बांध तयार झाला. त्याने हवेचा प्रवाह असा मोडला की पंखाच्या टोकाचे एलेरॉन आपणहून खेचले गेले. ऑटोपायलट सुटला, विमान उलटे झाले आणि ६८ माणसांसह शेतात आदळले.

त्यानंतर अमेरिकी हवाई दलाच्या एका टँकर विमानामागे एटीआर उडवून, त्यावर पाणी फवारून, बर्फ कुठे बसतो ते कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष पाहिले गेले. रबरी पट्टे मागेपर्यंत वाढवण्यात आले. पुढे अंधेरीत मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजने घेतलेली एटीआर ७२-५०० विमाने हे धडे अंगावर घेऊनच कारखान्यातून आली. त्या विमानांतून औरंगाबादला वा भोपाळला गेलेल्या प्रवाशांनी पंखावरचा तो काळा पट्टा पाहिला असेल. त्याच्या रुंदीमागे इंडियानातले एक शेत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

प्रमाणीकरणाच्या नियमांत हे मोठे थेंब यायला मात्र २०१४ साल उजाडले. वीस वर्षे. नियम बनवणारी यंत्रणा किती सावकाश चालते, याचा हा बोलका पुरावा होय.

मधल्या काळात नासाने एक महत्त्वाचे काम केले. या शतकाच्या आरंभी क्लीव्हलंडच्या केंद्राने, टेनेसी विद्यापीठाची अंतराळ संस्था आणि एक खासगी वायुगतिकी कंपनी यांच्यासह, केवळ बर्फाचा परिणाम शिकवण्यासाठी एक प्रशिक्षणयंत्र उभारले. पद्धत नेटकी होती. ट्विन ऑटर विमानाची लहान प्रतिकृती करायची, तिच्या पंखांना व शेपटीला बर्फाच्या मोजलेल्या आकारांचे साचे चिकटवायचे, वायुबोगद्यात उचल, विरोध, नाकाचे झुकणे, दांडीवरचा ताण असे सर्व मोजायचे आणि त्यांतून ‘बर्फाळ’ तक्ता बनवायचा. मग एकच वैमानिक आधी स्वच्छ विमान उडवी आणि मग तेच विमान बर्फासह. पहिल्यांदाच पेटीतला बर्फ ओझे न राहता पंखाचा स्वभाव बदलणारी गोष्ट झाला.

शेपटीचा उल्लेख मुद्दाम केला. पंखाचा स्टॉल झाला तर नाक खाली न्यायचे असते. शेपटीवर बर्फ बसून तिचा स्टॉल झाला तर नाक आपणहून खाली जाते आणि उपाय नेमका उलटा, दांडी मागे ओढण्याचा. लक्षणे ओळखण्यात चूक झाली तर औषधच विष ठरते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोलगन कंपनीचे क्यू-४०० विमान पडले आणि ५० जण मेले, तेव्हा हाच संशय पुढे आला. कारण दांडी थरथरताच कप्तानाने ती मागे ओढली होती. तपासमंडळाने ही शक्यता तपासली आणि तो शेपटीच्या स्टॉलवरचा उपाय जाणीवपूर्वक करत असावा हे असंभाव्य ठरवले. विमानावर बर्फ होता, पण विमान त्याने पडले नाही. चुकीच्या प्रतिक्रियेने पडले. तरीही वादातून एक गोष्ट सर्वांच्या ध्यानात आली. अर्धवट शिकवलेला बर्फ न शिकवलेल्या बर्फाहून धोकादायक असू शकतो.

त्याच वर्षी १ जूनला एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे उड्डाण अटलांटिकवर, विषुववृत्ताजवळच्या उत्तुंग ढगांत कोसळले, २२८ बळी. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्या हिमस्फटिकांनी क्षणभर बुजल्या, ऑटोपायलट सुटला आणि वैमानिकांनी विमान स्टॉलमध्ये नेले. फ्रेंच तपाससंस्थेने ज्या शिफारशी केल्या त्यांत सिम्युलेटर अशा प्रसंगी वास्तवाशी अधिक प्रामाणिक असावेत, हीही होती. कारण स्टॉलच्या पलीकडचे तक्ते बहुतेक पेट्यांत अंदाजाने ओढलेले होते.

कोलगनच्या मृतांच्या कुटुंबीयांनी वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने पाठपुरावा केला. २०१० मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये प्रशिक्षणाचे नियम आले आणि मार्च २०१६ मध्ये अमेरिकेने सिम्युलेटरांची मानके बदलली. त्यांत पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत लिहिले गेले की बर्फाच्या प्रतिरूपात केवळ वाढलेला विरोध चालणार नाही. उचलीतील घट, स्टॉलच्या कोनातील घट, नाकाच्या झुकण्यातील फरक, नियंत्रणांची क्षीणता व त्यांवरील ताणाचा बदल हे सर्व दिसले पाहिजे, आणि स्टॉलचा इशारा व ऑटोपायलट यांनीही खऱ्या विमानाप्रमाणे वागले पाहिजे. मुदत होती मार्च २०१९. युरोपनेही त्याच सुमारास त्या दिशेने नियम बदलले.

आजच्या अशा यंत्रात प्रशिक्षक पडद्यावरून बर्फाची तीव्रता ठरवतो. मग बर्फ वेळेनुसार साचत जातो. वेग दोन-चार नॉट उतरतो. ऑटोपायलट ते लपवत नाकाचा कोन हळूच वाढवत राहतो. जागरूक वैमानिक हे पाहतो. बेसावध वैमानिकाला ऑटोपायलट सुटेपर्यंत काहीच कळत नाही, आणि सुटल्यावर विमान एका कुशीवर कलते, दांडी थरथरायच्या आधी. रोझलॉनची छाया या धड्यावर उघड दिसते.

तरीही हा बर्फ म्हणजे खऱ्या बर्फाची हुबेहूब प्रतिमा नव्हे. दोन ढगांतला बर्फ कधी सारखा नसतो. आकारांना अंत नाही. म्हणून मानके प्रातिनिधिक बर्फावर समाधान मानतात: या जातीच्या विमानाचे ओळखीचे लक्षण दिसले तरी पुरे. हे शहाणपणाचेच आहे, कारण वैमानिकाने आकडे पाठ करायचे नसून चाहूल ओळखायची असते. पण ज्याने बाहेर कधी बर्फ पाहिलेला नाही, त्याला पेटीतले एक लक्षण म्हणजेच सगळा बर्फ वाटण्याचा धोका उरतो.

उष्ण कटिबंधाचा बर्फ तर आणखी निराळा आहे. मोसमी ढगांच्या माथ्यावर, दहा-बारा किलोमीटरवर, द्रव थेंब जवळपास नसतात. असतात बारीक हिमस्फटिक. ते थंड पंखाला चिकटत नाहीत आणि विमानाच्या रडारवरही नीट उमटत नाहीत. ते इंजिनाच्या गाभ्यात शिरतात, तिथल्या उबेत अर्धवट वितळतात, पात्यांना थंड करतात आणि मग तिथेच गोठू लागतात. गोठणबिंदूच्या कितीतरी वर असलेल्या, धगधगत्या यंत्राच्या आत बर्फ! यावर दीर्घकाळ कोणाचा विश्वास बसत नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकी नियामकाने जीईएनएक्स इंजिनांच्या काही ७४७-८ व ७८७ विमानांना हिमस्फटिकांची शक्यता असलेल्या वादळी ढगांपासून ५० सागरी मैल दूर राहण्याचा आदेश दिला. एअर इंडियाची ७८७ विमाने याच जातीच्या इंजिनांवर उडत होती. मुंबईच्या पावसाळ्यात वादळी ढगापासून ५० सागरी मैल दूर राहायचे, म्हणजे नकाशावर अंधेरी ते पुणे या सरळ अंतराच्या सुमारे पाऊणपट.

या स्फटिकांचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विनहून आणि २०१५ मध्ये फ्रेंच गयानातील कायेनहून मुद्दाम ढगांत विमाने नेली. दोन्ही ठिकाणे उष्ण कटिबंधातली, दोन्ही किनाऱ्यावरची. बर्फाचे शास्त्र क्लीव्हलंडच्या कडाक्यात जन्मले आणि आता दमट किनाऱ्यांवर येऊन पोचले आहे. सिम्युलेटरमध्ये हा बर्फ अद्याप मुख्यतः त्याच्या परिणामांतूनच भेटतो: वेग दाखवणारे तीन काटे तीन गोष्टी सांगतात, इंजिन अडखळते, आणि वैमानिकाने ठरावीक नाकाचा कोन व ठरावीक शक्ती धरून शांत राहायचे असते.

९ ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलमध्ये व्होएपास कंपनीचे एटीआर ७२-५०० विमान साओ पाउलोजवळ विन्येदो येथे गिरक्या घेत वस्तीत कोसळले. ६२ जण मेले. प्राथमिक अहवालात बर्फरोधक यंत्रणा पुन्हा पुन्हा चालू-बंद झाल्याची आणि सहवैमानिकाने खूप बर्फ असल्याचे बोलल्याची नोंद आहे. रोझलॉननंतर रुंद केलेले रबरी पट्टे त्या पंखांवर होते, आणि खाली विन्येदोत, ऑगस्टच्या दुपारी, घरांच्या अंगणात हिरवळ होती.